कानातल्या पाण्याचा आकडा

माणसाच्या रक्तात कॅल्शियम किती असावं, याचं उत्तर माझ्या जिभेवर असतं. शंभर मिलिलिटरला साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. सत्तावीस वर्षं मी हा आकडा काढतो आहे. कसालच्या बाजारात, मालवणचा रस्ता फुटतो तिथून जवळच माझी लॅब आहे. दोन खोल्या, एक मोठं मशीन, एक छोटं मशीन, एक फ्रिज. सकाळी मोटारसायकलवरून गावोगाव फिरून रक्त गोळा करायचं, दुपारी तपासायचं, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचे.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, लॅबमधले गमतीदार अनुभव लिहा. आहेत तसे. लघवीचा नमुना अत्तराच्या बाटलीत घालून आणणारे आहेत. उपाशीपोटी या म्हटलं की दोन भाकऱ्या खाऊन येणारे आणि "भात नाय खाल्लंय" असं शपथेवर सांगणारे आहेत. पण लिहायला बसलो की हात दुसरीकडेच जातो. ज्या दुपारी मी आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलो, ती दुपार लिहून टाकावी असं वाटतं. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना विचारलं आहे. नाव बदललं आहे, बाकी काही बदललेलं नाही.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रक्त घेतल्यावर आम्ही ते वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्यांत भरतो. लोकांना वाटतं रंग शोभेसाठी आहेत. लाल टोपणाची नळी साधी असते. तिच्यात रक्त गोठतं, वर पिवळसर पाणी सुटतं आणि त्या पाण्यात आम्ही कॅल्शियम, साखर वगैरे मोजतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत आधीच एक औषध असतं. ते रक्त गोठू देत नाही, म्हणून हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायला ती नळी. गोठू देत नाही ते कसं? रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, आणि हे औषध रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. म्हणून जांभळ्या नळीतलं रक्त लाल नळीत कधीही, एक थेंबही, ओतायचं नाही. हा आमच्या शिक्षणातला पहिल्या महिन्याचा धडा आहे.

आनंदीकाकी मालवणच्या खालच्या अंगाला खाडीकाठी राहतात. वय बासष्ट. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गुडघाभर पाण्यात उतरून खडकावरची कालवं काढायची, घरी आणून फोडायची, आतला गर वाट्यांनी मोजून विकायचा, हे काम त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून करत आल्या. मुलगा गोव्यात नोकरीला. घरी सून सुप्रिया. काकींच्या हृदयाचे ठोके मागेपुढे होतात म्हणून त्यांना एक जुनी गोळी बरीच वर्षं चालू आहे, आणि त्यासाठी वर्षातून दोनदा मी त्यांचं रक्त घ्यायला जात असे. त्यामुळे ओळख जुनी. मी त्यांना काकी म्हणतो आणि तिकडच्या रीतीप्रमाणे अरेतुरेच चालतं.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर त्यांना चक्कर येऊ लागली. साधी नव्हे. मान खाली घातली की खाडी, खडक, आभाळ सगळं गरगर फिरायचं, पंधरा-वीस सेकंद, आणि थांबायचं. एकदा हे पाण्यात असताना झालं. भरती लागली होती. काकी खडकाला मिठी मारून डोळे मिटून राहिल्या आणि पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा बाजूच्या बाईनं पदर धरून त्यांना ओढलं. तेव्हापासून त्या खाडीत उतरल्या नव्हत्या. आणि घरातही कूस बदलायला भीत होत्या.

कणकवलीला आठवड्यातून एकदा येणारे कानाचे डॉक्टर आहेत, त्यांनी निदान केलं. कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या आहेत आणि त्यांत पाणी असतं. शेजारच्या कप्प्यात एका मऊ थरावर बारीक खडे बसवलेले असतात. खडे कशाचे? कॅल्शियम कार्बोनेटचे. खडूचे म्हणा, शिंपल्याचे म्हणा, जिन्नस एकच. हे खडे जागेवर असतात तोवर आपण सरळ चालतो. एखादा सुटून नळीत शिरला की मान हलवताच तो गडगडतो, पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतो आहोत. डॉक्टरांनी काकींना टेबलावर निजवून डोकं ठरावीक पद्धतीनं वळवलं, खडा बाहेर काढला. दहा दिवस बरं वाटलं, पुन्हा चक्कर. पुन्हा वळवलं, पुन्हा आली. तेव्हा त्यांनी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं.

मला हा विषय नवा होता. आकड्यांची खोड असल्यामुळे मी दोन संध्याकाळी बसून वाचून काढलं आणि थक्क झालो. त्या नळ्यांतल्या पाण्यात शरीर कॅल्शियम मुद्दाम फार कमी ठेवतं, रक्ताच्या मानानं पन्नासेक पटींनी कमी. त्या नळीबाहेर, हाडाला लागून दुसरं पाणी असतं, त्यात ते रक्तासारखंच असतं. मध्ये पातळशी भिंत. एका बाजूला भरपूर, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच. आतलं पाणी असं उपाशी असतं म्हणूनच चुकून आलेला बारीक खडा त्यात हळूहळू विरघळू शकतो, असं काही जाणकार मानतात. त्या पाण्यात कॅल्शियम वाढलं तर विरघळणं मंदावतं.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी त्या सकाळी काकींकडे गेलो. आठ वाजले होते. त्या पडवीत भिंतीला टेकून, मान ताठ धरून बसल्या होत्या, डोक्यावर भरली घागर असल्यासारख्या.

"ये रे झिला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतत, माझ्या कानात चुनो सुटलो आसा. जलमभर कालवां फोडलंय, तां कानात गेला काय?"

"नाही गो काकी. ते आतलंच असतं. सगळ्यांच्या कानात असतं."

"मगे कानातलाच मोज. हाताक कित्याक टोचतंस?"

मी सांगितलं, कानातलं पाणी जिवंत माणसात कुणालाच मोजता येत नाही. थेंबभर असतं आणि ते काढायला गेलं तर कान जातो. म्हणून रक्तातलं बघायचं.

त्यांनी मान न हलवता नुसते डोळे माझ्याकडे वळवले. "म्हंजे शेजाऱ्याच्या बावडीचा पाणी बघून माझ्या बावडीचा सांगतलंस."

सुप्रिया दारातून हसली. मीही हसलो. त्या वेळी हसलो.

काकींच्या शिरा बारीक आणि सरकत्या. उजव्या हाताला सुई घातली, सिरिंजमध्ये जेमतेम साडेतीन मिलिलिटर आलं आणि शीर मिटली. सिरिंजमधलं रक्त गोठायच्या आत वाटायचं असतं. मी घाईत आधी जांभळी नळी भरली, उरलेलं लाल नळीत सोडलं. लाल नळीत एक मिलिलिटरही नव्हतं. तेवढ्यात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही भागणार नव्हतं. जांभळीत मात्र लागेल त्याच्यापेक्षा जास्त होतं.

काकींनी डोळे मिटले होते, चेहरा पांढरा पडला होता, दुसऱ्या हातानं दाराची चौकट घट्ट धरली होती. "झाला काय रे?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या हाताला टोचायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण बाई आधीच भ्यायलेली, हात धरताना मान हलली तर पुन्हा गरगरेल, आणि अजून अकरा घरं बाकी. मी त्यांच्याकडे पाठ केली, जांभळ्या नळीचं टोपण काढलं आणि थोडं रक्त लाल नळीत ओतलं.

"झालं," मी म्हणालो.

असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं. हे सांगून माझी बाजू मांडत नाही. उलट, सत्तावीस वर्षांत एकदाच केलं म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं नाही, असं मला वाटतं. सवयीची चूक माणूस पकडतो, कारण ती कुठं बसते हे त्याला माहीत असतं. ही एकदाच आली आणि अकरा घरांच्या गडबडीत बुडून गेली.

दुपारी एक वाजता काकींचं कॅल्शियम आलं पाच पूर्णांक सहा.

असा आकडा मी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिला आहे, तोही मोठ्या आजारात. मी लगेच विश्वास ठेवला नाही. माहीत असलेल्या आकड्याचा तयार नमुना आमच्याकडे असतो, तो मशीनमध्ये घातला. बरोबर आला. काकींचा नमुना पुन्हा लावला. पाच पूर्णांक पाच. दोनदा मोजलं, दोनदा तेच, मशीन ठीक. नियमाप्रमाणे सगळं केलं. पण दोन्ही वेळा नळी तीच होती. चुकीच्या नळीतून शंभर वेळा मोजलं तरी आकडा तोच येणार, हे शाळेतल्या पोराला कळावं. मला त्या दुपारी कळलं नाही.

कळलं नाही, त्याचं एक कारण अजून सांगायला लाज वाटते. मला तो आकडा पटला. कॅल्शियम इतकं कमी, म्हणून कानातल्या खड्यांचा जोर गेला, म्हणून ते सुटतात, म्हणून चक्कर. दोन संध्याकाळी वाचलेलं सगळं त्या एका आकड्यात नीट बसलं. खरं तर वाचलेलं नीट आठवलं असतं तर तेही मला थांबवायला पुरेसं होतं. त्या कानातल्या पाण्याला शरीर आपला वेगळा हिशोब ठेवतं, रक्तावरून तिथला अंदाज बांधता येत नाही. काकी सकाळी हेच सांगत होत्या.

इतका कमी आकडा आला तर रिपोर्टची वाट न बघता कळवायचं, हाही नियम. कानाच्या डॉक्टरांना फोन लावला, ते शस्त्रक्रियेत होते. मग सुप्रियाला लावला.

"काकींचं कॅल्शियम खूप कमी आलंय. इतकं कमी राहणं धोक्याचं असतं. गावातल्या डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि चक्करही त्यामुळेच असेल."

शेवटचं वाक्य मला कुणी विचारलेलं नव्हतं.

सव्वादोनला गावातल्या डॉक्टरांचा फोन आला. सावध माणूस. "पाच सहा? दोनदा बघितलंत?"

"दोनदा बघितलं."

"हाताला मुंग्या येतात म्हणतायत. शिरेतून कॅल्शियम द्यावं लागेल. पण त्यांना ठोक्याची ती गोळी आहे, म्हणून जपून, सलाइनमधून हळूहळू देतोय. तुम्ही तेवढं पोटॅशियम काढून सांगा मला."

"दहा मिनिटं द्या."

मुंग्या कुणाला येत नाहीत? बासष्ट वर्षांच्या बाईला, घाबरून दवाखान्यात आणल्यावर, मुंग्या येतात का विचारलं तर ती हो म्हणणारच.

लाल नळीत उरलेलं थोडं पाणी होतं. छोट्या मशीनला लावलं. पोटॅशियम साधारण साडेतीन ते पाच असतं. साताच्या पुढे गेलं तर माणसाचं हृदय कधीही थांबू शकतं.

मशीननं दाखवलं, अकरा पूर्णांक आठ.

अकरा पूर्णांक आठ असलेली बाई दवाखान्यात चालत जात नाही. ती कुठंच जात नाही. मी त्या आकड्याकडे बघत राहिलो आणि हातातल्या लाल टोपणाकडे पाहिलं, आणि सकाळची पडवी, पाठ फिरवलेली, नळी वाकडी केलेली, सगळं एकदम समोर आलं. जांभळ्या नळीतलं ते औषध पोटॅशियमचंच असतं. कॅल्शियम पकडतं आणि पोटॅशियम वाढवतं. काकींचं कॅल्शियम कमी नव्हतंच. आणि ज्यांचं कमी नाही त्यांना ते शिरेतून जात होतं, वर ठोक्याची ती गोळी. त्या गोळीवर असलेल्या माणसाला शिरेतून जास्त कॅल्शियम गेलं तर ठोके बिघडू शकतात, हे मला माहीत होतं. त्यांच्या फॉर्मवर गोळीचं नाव मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं.

डॉक्टरांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सुप्रियाला लावला. तेच. तो गाव माडांच्या खोलगट भागात आहे, दवाखान्यात दारापाशी उभं राहिलं तरच रेंज येते. चार वेळा लावला. तीस किलोमीटर. थांबून फोन लावत राहावं की निघावं? गाडी चालवताना फोन लावता येत नाही. निघालो. तेव्हा बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो रस्ता मी हजारदा तरी गेलो असेन. त्या दुपारी रस्त्यावरचं काहीच आठवत नाही. वाटेवरच्या कट्टा गावी थांबलो. लावला. लागला नाही. डोक्यात सारखी गणितं. शंभर मिलिलिटर सलाइन, दहा मिलिलिटर औषध, मिनिटाला इतके थेंब, म्हणजे आत्तापर्यंत किती गेलं? गणित येत होतं आणि त्याचा उपयोग काही नव्हता. सत्तावीस वर्षांत मला वाटत होतं की माझं काम सगळ्यात निरुपद्रवी. मी कुणाला औषध देत नाही, कापत नाही, फक्त आकडा लिहून देतो. त्या रस्त्यावर कळलं, आकडाच शिरेतून चालला आहे.

पुढे चौके गावाजवळ फोन लागला. सुप्रियानं उचलला.

"सलाइन चालू आहे?"

"चालू आसा. कित्याक?"

"बंद करायला सांग. आत्ता. धावत जा."

"असा कसा? तुमीच म्हटल्यात ना, धोको आसा म्हणून? डॉक्टरांनी लावलानी, मी कशी बंद करू?"

"सुप्रिया, माझी चूक झाली. रिपोर्ट खोटा आहे. डॉक्टरांना फोन दे."

पावलांचा आवाज, दार, कुणाचं तरी खोकणं. मग डॉक्टर. मी तीन वाक्यांत सांगितलं. जांभळ्या नळीतलं ओतलं, मी ओतलं, कॅल्शियम खोटं आहे.

पलीकडून सलाइनच्या नळीवरचं चाक फिरवल्याचा बारीक आवाज आला, निदान मला तसं वाटलं.

"तिसरा हिस्सा गेलाय," ते म्हणाले. "या तुम्ही." फोन ठेवला.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मला माहीत नव्हतं की मी कुठे चाललो आहे, दवाखान्यात की दुसरीकडे कुठे.

काकी खाटेवर होत्या. सलाइन बंद करून बाटली तशीच टांगलेली. डॉक्टर त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळात बघत होते. मी दारात थांबलो. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "चौसष्ट. मधे एक चुकला. बसा तिकडे. अर्धा तास कुणी बोलायचं नाही."

सुप्रिया डॉक्टरांच्या हुकमाला कुठली जुमानते. माझ्या जवळ येऊन खालच्या आवाजात सुरू झाली. "मशीन आसा काय तुमचा, का जत्रेतलो काटो? घोवाक फोन केलंय मी गोव्यात. तो रजा टाकून येता. रडाक लावलात सगळ्यांका."

दर पाच मिनिटांनी डॉक्टर मोजत होते. बासष्ट. सहासष्ट. चौसष्ट. मी माझ्या मनगटावर माझेही मोजत होतो. ते एकशे दहाच्या वर होते. अर्ध्या तासानं डॉक्टरांनी बोटं काढली आणि पाणी प्यायले. "हळू दिलं म्हणून बरं," एवढंच म्हणाले. मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी खाटेजवळ गेलो. काकींनी डोळे उघडले. मी सगळं सांगितलं. रक्त कमी पडलं, मी पाठ केली, ओतलं, तुला 'झालं' म्हणून सांगितलं.

त्या छताकडेच बघत होत्या. त्यांना मान वळवायची भीती होती, म्हणून माझ्याकडे बघता येत नव्हतं.

"कित्याक?" त्यांनी विचारलं.

"तू घाबरली होतीस. परत टोचायला नको वाटलं."

"माका इचारलंस?"

"नाही."

"इचारलं असतंस तर दुसरो हात दिलो असतो मी," त्या म्हणाल्या. "भियालंय होतंय, खरा. पण हात होतो ना माका."

मग त्यांनी डावा हात चादरीतून काढून पुढे केला. कोपर सरळ केलं. "घे. आता भर बरो."

सुप्रिया "नको गो आये, परत ह्यांच्याकडून?" म्हणाली. काकींनी तिला नुसत्या भुवयांनी गप्प केलं.

ती शीर माझ्या बोटांना पहिल्या फटक्यात सापडली. लाल नळी आधी भरली, काठोकाठ. मग जांभळी. दोन्ही टोपणं घट्ट बसवून त्या दोन नळ्या मी दोन वेगवेगळ्या खिशांत ठेवल्या. पोटॅशियम आलं चार पूर्णांक चार. कॅल्शियम आलं साडेनऊ. थोडं औषध आधीच गेलेलं, म्हणून आठवड्यानं पुन्हा घेतलं, नऊ पूर्णांक दोन. कॅल्शियममध्ये कुठलाच दोष नव्हता. ड जीवनसत्त्व मात्र खरोखर कमी निघालं, त्याचं औषध कानाच्या डॉक्टरांनी सुरू केलं आणि तिसऱ्यांदा डोकं वळवून खडा काढला. चुकीचा रिपोर्ट मी फाडला नाही. त्याच्यावर आडवी रेघ मारून, कारण लिहून, सही करून दुरुस्त रिपोर्टबरोबर तिन्ही डॉक्टरांकडे आणि काकींकडे दिला. त्यानंतर दोन महिने काकी सोडून त्या गावातून एकाही घरानं मला रक्त दिलं नाही. देऊ नये, असंच मलाही वाटत होतं.

तिन्ही डॉक्टर म्हणताना दोन डॉक्टर आणि तिसरे हृदयाचे, ज्यांनी ठोक्याची गोळी दिली होती ते. सुप्रियाच्या नवऱ्यानं त्यांचा नंबर मागून घेऊन मला दिला आणि म्हणाला, "तुमीच सांगा त्यांका." सांगितलं.

पुढच्या मोठ्या सुकतीच्या दिवशी सकाळी मी नव्या तपासणीचे कागद द्यायला गेलो तर काकी घरात नव्हत्या. खाडीवर होत्या. काठावरच्या दगडावर पाटी ठेवून, लुगडं गुडघ्यावर खोचून, हातात कालव सोडवायचं लोखंडी हत्यार घेऊन उभ्या होत्या. पाण्यात उतरल्या नव्हत्या. पलीकडे खडकावर दोघी-तिघी बायका वाकून काम करत होत्या. सुप्रिया काठावर बसली होती आणि मला बघून तिनं तोंड फिरवलं.

"आयलंस बरो," काकी म्हणाल्या. "आठ दिस चक्कर नाय. आता सांग. जाव काय मी?"

माझ्या खिशात नऊ पूर्णांक दोन होतं. पोटॅशियम होतं, हिमोग्लोबिन होतं, सगळे आकडे बरोबर, दोनदा तपासलेले, प्रत्येकाची नळी वेगळी. आणि त्यांच्या कानाच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, थेंबभर पाण्यात काय चाललं आहे, खडा विरघळला की नाही, दुसरा सुटतो आहे की नाही, हे त्यांतल्या एकाही आकड्यात नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा येऊही शकेल. भरती लागायला दीड तास होता.

हो म्हणणं सोपं होतं. नको म्हणणंही सोपं होतं, आणि सुरक्षित होतं, माझ्यासाठी.

"काकी, मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. पहिल्यांदाच पूर्ण वळवली, सावकाश, आणि क्षणभर थांबून बघितलं काही फिरतं का.

"गो सुप्रिया," त्या म्हणाल्या, "चल, माझ्या पदराक धर. आणि तू रे, हयसर उभो रव. भरतीक नजर ठेव."

दोघी पाण्यात उतरल्या. घोटा, पोटरी, गुडघा. सुप्रियानं पदराचं टोक मनगटाला दोनदा गुंडाळलं. काकींनी खडकाला डावा हात लावला, हत्यार टेकवलं आणि मान खाली घातली.

मी एक, दोन, तीन मोजायला लागलो. आली तर मान खाली जाताच येते आणि पंधरा-वीस सेकंद राहते. वीसपर्यंत मोजलं. काकी वाकलेल्याच होत्या. खडकावर लोखंडाचा टणटण आवाज येत होता.